अंगालगतचें वस्त्र

श्रावणांतील एका रविवारीं आम्ही पांच जण पाचनईच्या वाटेनें हरिश्चंद्रगड चढत होतों. पावसाची संततधार लागली होती. परंतु प्रत्येकाच्या अंगांत चांगल्यापैकीं रेनकोट असल्यामुळें त्याची कोणाला क्षिति वाटत नव्हती. माझा भाचा सर्वांच्या पुढें होता. वीस वर्षांचें वय, चढण्याचा उत्साह, आणि रेनकोटाच्या आंत एक जाडसर सुती बनियन. माथ्यावर देवळापाशीं पोंचल्यावर एका गुहेच्या तोंडाशीं आम्ही विसावलों. वारा भणाणत होता. दहा-पंधरा मिनिटांतच भाच्याला हुडहुडी भरली, ओठ निळसर दिसूं लागले, आणि विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तो अडखळत देऊं लागला. त्याचा रेनकोट उतरवून पाहतों तों पावसाचा थेंबहि आंत शिरलेला नव्हता. बनियन मात्र पिळून काढण्याइतका भिजला होता. तो सारा त्याचा स्वतःचाच घाम! ओले कपडे काढले, अंग पुसलें, कोरडा लोकरी स्वेटर चढविला, गरम चहा पाजला, तेव्हां कोठें अर्ध्या तासानें तो ताळ्यावर आला. वाट दाखवावयास आमच्याबरोबर आलेले गांवचे बाबा हा सर्व प्रकार पाहत होते. ते म्हणाले, "भाइरचा पाऊस अडवलात सायेब, पन आतला पाऊस कुनी अडवायचा?"

बाबांच्या त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा आज थोडा प्रयत्न करावयाचा आहे. डोंगर चढणारे, लांब पल्ल्याचें धावणारे, सायकलवरून घाट ओलांडणारे आणि बर्फावर जाणारे लोक अंगालगत जें वस्त्र घालतात, तें कोणत्या धाग्याचें असावें? बाजारांत आज जीं नाना प्रकारचीं कृत्रिम तंतूंचीं वस्त्रें मिळतात, त्यांपैकीं कोणतें अंगाला सुखावह होतें आणि कोणतें अधिक दिवस टिकतें? हे दोन प्रश्न दिसावयास वेगळे असले तरी त्यांची एकमेकांशीं कशी गांठ पडलेली आहे, हें आपल्याला पुढें दिसून येईल.

विषय किरकोळ वाटेल. पण तो तसा नाहीं. १९६४ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ माळरानांत 'फोर इन्स' नांवाची चाळीस-पंचेचाळीस मैल चालण्याची स्पर्धा होती. वाटेंत हवामान बिघडलें. पाऊस आणि वारा यांनीं स्पर्धकांना गांठलें, आणि तीन तरुण स्काउट थंडीनें प्राणास मुकले. तेथें कांहीं हिमालयांतील थंडी नव्हती. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर असलेले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनीं या मृत्यूंचा अभ्यास केला आणि पुढें भिजलेल्या कपड्यांवर प्रयोगहि केले. जीं वस्त्रें कोरडीं असतांना माणसाला पुरेशी ऊब देतात, तींच भिजलीं व वाऱ्यांत सांपडलीं म्हणजे आपली बहुतेक ऊब गमावून बसतात. आणि माणूस दमून सावकाश चालूं लागला, कीं त्याच्या शरीराचें तपमान झपाट्यानें उतरूं लागतें, असें त्यांना आढळून आलें. माझ्या भाच्याचें हरिश्चंद्रगडावर जें झालें, तें याच जातीचें होतें. फरक इतकाच कीं आमच्याजवळ कोरडा स्वेटर होता.

आतां हें घडतें कसें तें पाहूं. आपण श्रम करतों तेव्हां अन्नापासून मिळणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें पंचमांश ते चतुर्थांश एवढीच शक्ति प्रत्यक्ष कामीं येते. बाकीची उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकावी लागते. ती टाकण्याचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे घाम. एक लिटर घामाची त्वचेवरून वाफ होते तेव्हां ती सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जाते. सॅक पाठीवर घेऊन चढ चढणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो. चढतांना ही व्यवस्था म्हणजे वरदान होय. पण माथ्यावर बसल्यानंतर शरीराची भट्टी मंद होते, आणि कपड्यांत सांठलेला घाम मात्र वाफ होत राहतो व उष्णता ओढत राहतो. शिवाय पाणी हें स्थिर हवेपेक्षां वीस-पंचवीस पटींनीं अधिक उष्णतावाहक आहे. कपड्याची ऊब ही खरें पाहतां कपड्याची नसून त्याच्या छिद्रांत कोंडलेल्या हवेची असते. त्या हवेची जागा पाण्यानें घेतली, कीं कपडा पांघरुणाचें काम सोडून थंड पाण्याच्या पट्टीचें काम करूं लागतो.

तेव्हां अंगालगतच्या वस्त्राचीं कामें तीन. त्यानें त्वचेवरील घाम उचलावा, तो पसरून बाहेरच्या बाजूस न्यावा, आणि स्वतः लवकर वाळावें. हें करीत असतांना त्यानें अंगाला कांचूं नये, काखेंत व खांद्यावर घांसूं नये, हें चौथें काम म्हणावयास हरकत नाहीं.

निरनिराळे तंतु या कसोटीला कसे उतरतात? प्रत्येक तंतु हवेंतील ओलावा आपल्या अंगांत थोडाबहुत मुरवून घेतो. हवेची आर्द्रता शेंकडा ६५ आणि तपमान २० अंश असतांना लोकर आपल्या वजनाच्या शेंकडा १६ च्या आसपास, कापूस सुमारें ८, नायलॉन सुमारें ४, पॉलिएस्टर ०.४ एवढा ओलावा घेतो. आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. या एका आंकड्यांत पुष्कळसा इतिहास सांठविलेला आहे. कापसाचा तंतु पाणी पितो, फुगतो, आणि मग तें सोडावयास तयार होत नाहीं. लोकरहि पाणी पिते, परंतु तिच्या तंतूला मूळचेच कुरळे वळसे असल्यामुळें ती भिजल्यावर अंगाला चिकटून बसत नाहीं, तिच्यांतील हवा कांहीं अंशीं टिकून राहते. आणि ओलावा पितांना ती थोडी उष्णताहि देते. म्हणूनच पिढ्यानपिढ्या थंड देशांतील कोळी, मेंढपाळ व गिर्यारोहक लोकरीला धरून राहिले. १९२४ सालीं एव्हरेस्टवर नाहींसा झालेला जॉर्ज मॅलरी याचा देह १९९९ मध्यें सांपडला, तेव्हां त्याच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे एकावर एक थर आढळले. तशाच बनविलेल्या पोशाखाची २००६ मध्यें एव्हरेस्टवर परीक्षा झाली, आणि तो पोशाख समजला जात होता त्याहून पुष्कळच चांगला ठरला.

कृत्रिम तंतूंचा जन्म या शतकाचा नव्हे, मागील शतकाचा. अमेरिकेंतील डु पाँ कंपनींत वॉलेस कॅरोदर्स व त्याचे सहकारी यांनीं १९३५ मध्यें नायलॉन तयार केला. १९४१ मध्यें मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्यें व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनीं पॉलिएस्टरचा धागा काढला. तोच पुढें टेरिलीन या नांवानें आपल्याकडे घरोघर पोंचला. मिलान येथें ज्युलिओ नात्ता यांनीं १९५४ मध्यें पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केला. १९६३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना जर्मनीचे कार्ल त्सीग्लर यांच्याबरोबर मिळालें. रबरासारखा ताणला जाणारा स्पँडेक्स अथवा इलास्टेन १९५८ मध्यें जोसेफ शिव्हर्स यानें काढला. हे चार तंतु ध्यानांत घेतले म्हणजे आजच्या बाजारांतील बहुतेक कृत्रिम अंतर्वस्त्रांची जात ओळखतां येते. जाहिरातींतील नांवें शेंकडों असलीं तरी आंतला माल यांपैकींच असतो.

प्रथम पॉलिप्रॉपिलीन घेऊं. हा तिघांत सर्वांत हलका; त्याची घनता पाण्यापेक्षांहि कमी असल्यामुळें त्याचा तंतु पाण्यावर तरंगतो. तो उष्णता फार कमी वाहून नेतो आणि पाणी अजिबात पीत नाहीं. म्हणून कडाक्याच्या थंडींत तो अंगालगत कोरडा व उबदार लागतो. नॉर्वेंतील हेली हॅन्सन कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत याचीं अंतर्वस्त्रें लोकप्रिय केलीं. परंतु त्याचे दोषहि ठळक आहेत. तो सुमारें १६५ अंशांवर वितळतो आणि त्याच्या पुष्कळ आधींच आक्रसूं लागतो. शरीरांतील तेलकट द्रव्य त्याला चटकन् चिकटतें आणि सहजीं सुटत नाहीं. त्यामुळें दोन-तीन दिवसांच्या वापरानंतर त्याचा वास सोबत्यांना नकोसा होतो. उन्हानेंहि तो लवकर जीर्ण होतो. संरक्षक द्रव्यें मिसळल्यावांचून तो उन्हांत टिकत नाहीं.

येथें एक बोधप्रद हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंतील पॅटागोनिया कंपनीनें १९८० च्या सुमारास पॉलिप्रॉपिलीनचीं अंतर्वस्त्रें विकावयास काढलीं. गिर्यारोहकांना तीं आवडलीं. पण सार्वजनिक धुलाईघरांतील कडक तापणाऱ्या वाळवण-यंत्रांत घातलीं, कीं तीं चक्क वितळत! १९८४ मध्यें शिकागो येथील क्रीडासाहित्याच्या प्रदर्शनांत कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनीं पॉलिएस्टरच्या फुटबॉल-सदऱ्यांवरून गवताचे डाग धुऊन काढण्याचें प्रात्यक्षिक पाहिलें. तें कापड बनविणाऱ्या मिलिकन कंपनीनें तंतूचा पृष्ठभाग असा कोरून काढला होता, कीं मूळच्या पाणी झिडकारणाऱ्या पॉलिएस्टरवर पाणी पसरूं लागावें. डाग सुटावा म्हणून केलेली युक्ति घाम पसरविण्यासहि तितकीच उपयोगी, हें शुइनार्ड यांनीं ओळखलें. आणि १९८५ मध्यें त्यांच्या कंपनीनें पॉलिप्रॉपिलीन सोडून पॉलिएस्टर स्वीकारला. येथें टिकाऊपणाच्या एका दोषानें सुखावहपणाचा नवा मार्ग दाखविला असें म्हणतां येईल.

पॉलिएस्टर हा आज सर्वांत अधिक वापरला जाणारा कृत्रिम तंतु होय. आपल्याकडे रायगड जिल्ह्यांत पाताळगंगेच्या कांठीं त्याच्या धाग्याचा मोठा कारखाना १९८२ मध्यें सुरू झाला. तेव्हां सह्याद्रीच्या पायथ्याशींच हा धागा निघतो, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याचे गुण मध्यम स्वरूपाचे पण सर्वांगीण आहेत. तो स्वतः पाणी पीत नाहीं. परंतु त्याच्या बारीक तंतूंच्या जुडग्यांत ज्या सूक्ष्म वाटा राहतात, त्यांतून घाम केशाकर्षणानें वर चढतो, जसें दिव्याच्या वातींतून तेल चढावें. ही वातीची क्रिया वाढविण्याचे दोन उपाय आहेत. एक, तंतूवर पाणी ओढणारें द्रव्य चढविणें. दुसरा, तंतु गोल न काढतां त्याच्या अंगावर लांबट पन्हळी ठेवणें. पहिला उपाय स्वस्त आहे, परंतु धुण्याबरोबर तो झिजत जातो. दुसरा तंतूच्या आकारांतच असल्यामुळें कापड असेपर्यंत टिकतो. घेतांना हे दोन्ही सारखेच दिसतात. पन्नास धुण्यांनंतर मात्र फरक पडतो.

एक गैरसमज येथेंच दूर केला पाहिजे. पॉलिएस्टरचा तंतु पाणी पीत नाहीं म्हणून त्याचें कापड भिजत नाहीं, असें नव्हे. तंतूंच्या मधील फटींत पाणी सांठतेंच. जाड विणीचा पॉलिएस्टर-सदरा पातळ सुती बनियनापेक्षां अधिक पाणी धरूं शकेल आणि सावकाशहि वाळेल. कापड वाळावयास लागणारा वेळ हा मुख्यतः त्यांत किती पाणी उरलें यावर अवलंबून असतो, आणि तें पाणी कापडाच्या जाडीवर. घरीं हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. दोन कपडे कोरडे असतांना तराजूंत तोलावे, भिजवून सारखेच पिळावे व पुन्हां तोलावे. जो कपडा आपल्या वजनाच्या मानानें कमी पाणी धरील, तोच डोंगरावर तुमचा मित्र. १०० ग्रॅम पाणी जास्त राहिलें, तर तें वाळविण्यास सुमारें ५८ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि वाऱ्यांत बसलेल्या माणसाच्या बाबतींत त्यांतील मोठा वांटा त्याच्या अंगांतूनच जातो.

तिसरा नायलॉन. त्याचा स्पर्श मऊ व थंडावा देणारा असतो. थोडा ओलावा पीत असल्यामुळें तो पॉलिएस्टरपेक्षां किंचित् सावकाश वाळतो. परंतु घांसून झिजण्याला तोंड देण्यांत या तिघांत त्याची बरोबरी कोणी करूं शकत नाहीं. खडकावर चढणारे, झाडींतून वाट काढणारे, आणि रोज जड सॅकचे पट्टे खांद्यावर वागविणारे यांनीं नायलॉनचा अंश असलेलें कापड घ्यावें. दीर्घकाळ उन्हांत मात्र तो कमजोर होतो व पांढरा असल्यास पिवळा पडतो. या बाबतींत पॉलिएस्टर सरस. इलास्टेन हा एकटा कधींच येत नाहीं; शेंकडा ५ ते १० एवढाच मिसळलेला असतो. त्यानें कपडा अंगाबरोबर बसतो, हातपाय हलवितांना ओढत नाहीं, आणि घाम उचलण्यासाठीं कापड त्वचेला लागून राहतें. परंतु उष्णता, क्लोरीन आणि काळ हे तिन्ही त्याचे शत्रु. पुष्कळ कपडे फाटण्यापूर्वींच सैल पडतात, त्याचें कारण हा अल्पसा इलास्टेन मेलेला असतो.

आतां टिकाऊपणाचा विचार अधिक बारकाईनें करूं. कापडाची झीज मोजण्यासाठीं प्रयोगशाळांत मार्टिंडेल नांवाचें यंत्र वापरतात; त्यांत ठरीव दाबाखालीं कापडाचा तुकडा दुसऱ्या कापडावर हजारों वेळां घांसला जातो, आणि धागा तुटेपर्यंतच्या फेऱ्या मोजल्या जातात. हा आंकडा उपयुक्त आहे, पण तो सर्व गोष्ट सांगत नाहीं. अंगालगतचा कपडा क्वचितच एकदम फाटून संपतो. त्याचा शेवट चार वाटांनीं होतो. पहिली वाट झिजण्याची: खांद्यावर जेथें सॅकचा पट्टा बसतो तेथें, आणि कमरपट्ट्याखालीं. दुसरी वाट गुठळ्यांची. आंखूड तंतूंच्या सुताचीं टोकें घांसल्यानें बाहेर येतात, एकमेकांत गुंततात व त्यांच्या बारीक गुठळ्या होतात. लोकरीवरहि त्या होतात; पण लोकरीचा तंतु दुबळा असल्यामुळें गुठळी गळून पडते. पॉलिएस्टरचा तंतु इतका चिवट, कीं गुठळी लोंबतच राहते व अंगाला टोंचते. येथें तंतूची ताकदच त्याला मारक ठरते! यावर उपाय एकच: आंखूड तंतूंच्या सुताऐवजीं अखंड तंतूंच्या धाग्याचें, गुळगुळीत व घट्ट विणीचें कापड घेणें. तिसरी वाट शिवणीची. कापड दहा वर्षें टिकलें आणि शिवण दोन वर्षांत उसवली, तर तें दहा वर्षें कोणाच्या कामाचें? म्हणून कपडा घेतांना तो उलटा करून पाहावा; शिवणी चपट्या असाव्या, खांद्याच्या अगदीं माथ्यावर नसून पुढें किंवा मागें सरकविलेल्या असाव्या, आणि ताणून पाहिल्या असतां दोरा कडकडूं नये.

चौथी वाट वासाची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित. बेल्जममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत २६ निरोगी माणसांना तासभर व्यायाम करावयास लावून त्यांचे सुती व पॉलिएस्टरचे सदरे तपासले. पॉलिएस्टरच्या सदऱ्यांचा वास अधिक अप्रिय ठरला, आणि त्या कापडावर मायक्रोकॉकस जातीचे सूक्ष्म जंतु विशेष वाढतात असें दिसून आलें. कापसाचा तंतु घामांतील वासाचीं द्रव्यें पोटांत मुरवून ठेवतो. पॉलिएस्टर तेलकट द्रव्यें पृष्ठभागावर धरून ठेवतो, आणि जंतूंना तेथें मेजवानी मिळते. कांहीं कपड्यांवर यासाठीं चांदीचा संस्कार करतात. परंतु धुण्याबरोबर त्याचाहि प्रभाव ओसरतो. धड असलेला, न फाटलेला सदरा केवळ वासामुळें टाकून द्यावा लागला, तर त्याला टिकाऊ कसें म्हणावें? तेव्हां टिकाऊपणा म्हणजे धागा किती दिवस तुटला नाहीं हें नव्हे, तर मालकाला तो किती दिवस अंगांत घालावासा वाटला हें होय. या ठिकाणीं सुख आणि टिकाऊपणा या दोन प्रश्नांची गांठ पडते.

मात्र या दोहोंत नेहमींच सख्य असतें असें नाहीं. पातळ कापड लवकर वाळतें, पण लवकर झिजतें. सैल, उंचसखल विणीचें कापड हवा कोंडून ऊब देतें व घाम चटकन् सोडतें, पण कांट्याला अडकून त्याचे धागे निघतात. इलास्टेननें अंगाला आराम मिळतो, पण आयुष्य घटतें. सर्व गुण एकाच कपड्यांत एकवटलेले नसतात. आपलें काम कोणतें हें ठरवून त्याप्रमाणें निवड करावी लागते.

माझ्या अनुभवाचा ठोकताळा असा. सह्याद्रींत पावसाळ्यांत फिरणाऱ्यानें चौरस मीटरला १०० ते १५० ग्रॅम वजनाचें पातळ पॉलिएस्टरचें कापड घ्यावें, आणि प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळलेला एक कोरडा जोड सॅकमध्यें अवश्य ठेवावा. जड सॅक वागविणाऱ्यानें किंवा कातळावर चढणाऱ्यानें नायलॉन-मिश्र कापड पत्करावें. हिमालयांत चालतांना पातळ पॉलिएस्टर, आणि मुक्कामावर बसतांना व झोंपतांना लोकरीचा वेगळा कोरडा सदरा, ही जोडी मला सर्वांत समाधानकारक वाटली. अति थंड व कोरड्या हवेंत, जेथें रोज धुणें शक्य नाहीं पण अंग कोरडें राहणें जीवावरचें आहे, तेथें पॉलिप्रॉपिलीन अजूनहि आपली जागा राखून आहे. आणि वैशाखाच्या कोरड्या उन्हांत सपाटीवर चालावयाचें असेल तर सुती सदऱ्याला दोष देऊं नये. जें पाणी धरून ठेवणें थंडींत घातक, तेंच उन्हाळ्यांत अंग निववितें.

एक धोक्याची सूचना दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हे तिन्ही कृत्रिम तंतु आगीपाशीं जळण्याबरोबर वितळतात, आणि वितळलेला रस कातडीला चिकटून खोल भाजतो. याच कारणासाठीं २००६ मध्यें इराकमधील अमेरिकन मरीन सैनिकांना तळाबाहेर जातांना असे व्यायामाचे कृत्रिम कपडे घालण्यास मनाई करण्यांत आली. तंबूंत स्टोव्ह पेटवितांना किंवा शेकोटीपाशीं बसतांना वरून लोकरीचें वा सुताचें वस्त्र असूं द्यावें. दुसरी गोष्ट, धुतांना या कापडांतून सूक्ष्म तंतु सुटतात व सांडपाण्याबरोबर नद्यांत व समुद्रांत जातात. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासांत सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यांतून, ॲक्रिलिकच्या बाबतींत, सात लाखांहून अधिक तंतु सुटूं शकतात असा अंदाज निघाला. पॉलिएस्टरचा आंकडाहि पांच लाखांच्या जवळ होता. ज्या डोंगरांतील झऱ्यांचें पाणी आपण ओंजळीनें पितों, त्यांच्या नद्यांची ही गोष्ट आहे. म्हणून थोडे कपडे घ्यावे, चांगले घ्यावे, आणि ते जपून दीर्घकाळ वापरावे, हें शहाणपणाचें.

जपणें अवघडहि नाहीं. डोंगरावरून घरीं आल्याबरोबर कपडा थंड वा कोमट पाण्यांत भिजवावा. घामट कपडा सॅकमध्यें दोन दिवस कोंडून ठेवण्याइतका मोठा अपराध दुसरा नाहीं. धुतांना तो उलटा करावा. कपडे मऊ करणारें सुगंधी द्रव्य कटाक्षानें टाळावें. त्याचा लेप तंतूंवर बसतो व वातीची क्रियाच बंद पाडतो. क्लोरीनची पूड वापरूं नये, कडक इस्त्री करूं नये, यंत्राच्या उष्ण हवेंत वाळवूं नये. सावलींत वाऱ्यावर टाकला, कीं तासाभरांत वाळतो. तोच तर त्याचा गुण. कपडा अजून कामाचा आहे किंवा नाहीं हें पाहावयाचें असेल, तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब पसरत गेला तर कपडा जिवंत आहे. तो मोत्यासारखा तसाच उभा राहिला, तर त्यावर तेलाचा किंवा त्या सुगंधी द्रव्याचा लेप बसला आहे असें समजून तो साध्या साबणानें दोनदां धुवावा.

त्या श्रावणानंतर माझा भाचा पुष्कळदां डोंगरावर गेला. त्याच्या अंगांत आतां फार महाग नसलेला, पातळ पॉलिएस्टरचा एक सदरा असतो; खांद्यावर थोडा झिजलेला, पण अजून थेंब पसरविणारा. माथ्यावर पोंचल्यावर चहा मागण्याच्या आधीं तो सदरा बदलून कोरडा चढवितो. बाबांना पुढच्या खेपेस आम्ही हें सांगितलें, तेव्हां ते हसले आणि म्हणाले, "म्हंजी आतल्या पावसाला वाट काढून दिलीत म्हना कीं!" अंगालगतच्या वस्त्राची याहून सोपी व्याख्या मला अजून कोठें वाचावयास मिळालेली नाहीं. घाम हा अडविण्याचा नव्हे, वाट काढून देण्याचा आहे, एवढें ध्यानांत ठेवून कपडा निवडला म्हणजे पुरे आहे.